बयाजी धुमाळ भर मैदानात उभे राहिले, त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्याने धावोन यावे, आम्ही बसोनच लिहितो. शके सतराशे आठ, पराभवनाम संवत्सर, ते साली एका राज्यात, ज्याचे नाव लिहिले असता अब्रूचा दावा लागू होईल, वर्तमान ऐसे जाहाले की ऐकणाराने आधी भिंतीस टेकोन बसावे. त्या राज्यात महाराजांनी खो-खोचे पथक पदरी बाळगिले होते. पूर्वी हा खेळ लोक जेवण पचावे म्हणोन खेळत. मग थोर थोर सरकारांनी गडी लिलावात उभे करोन खरेदी करण्याची चाल पाडिली, आणि सावकारांनी आपली नावे गड्यांच्या छातीवर, मग पाठीवर, आणि तेथेही जागा सरली तेव्हां विजारीच्या मागील अंगास कशिद्याने काढविली, आणि खेळाचा धंदा जाहाला. खेळाची रीत सर्वांस ठाऊकच आहे. एका पक्षाने पाटीवर बसावे आणि एकमेकांस खो देत पाठलाग करावा, दुसरे पक्षाच्या तीन गड्यांनी मैदानात उतरोन पळावे, हाती लागला तो बाद. म्हणजे पळणे हेच त्या खेळाचे भांडवल; ते काढिले तर दोन खांब आणि धूळ इतकेच उरते. ही गोष्ट वाचणाराने मनात धरावी, कारण त्या राज्यात ती कोणी धरिली नाही.

पथकात बयाजी धुमाळ म्हणोन गडी होते, पळण्यात ऐसे की हूल देत ते पुढील पायावर वळत तेव्हां पाठलागदार सरळ प्रेक्षकांत जाऊन बसे. लिलावात त्यांची बोली चढली तेव्हां सावकारांस वाटले, या पुरुषास द्रव्याची हौस असेल. परंतु बयाजींस हौस एकच, पळण्याची. पहाटे कोणी सांगितले नसता उठोन ते नदीच्या वाटेने एकटे पळोन येत आणि मग इतर लोकांशी गोड बोलत. ज्या दिवशी पळणे न घडे त्या दिवशी वरणात मीठ कमी आहे म्हणोन भांडत. ऐसे चालले असता पथक दोन सामने हरले, आणि महाराजांनी परमुलुखातून उस्ताद हैबतराव कोरडे यांस बोलावोन पथक त्यांचे हवाली केले. उस्ताद आले ते शिट्टी गळ्यात घालोन आले. सर्वांस वाटले, आता नवे डावपेच कळतील, म्हणोन सर्व मांडी घालोन बसले. सटवाजी नाईक म्हणोन एक तोंडाळ गडी होते, ते बयाजींचे शेजारी बसोन जांभई देते जाहाले. उस्ताद म्हणाले, "तू कोण?" सटवाजी म्हणाले, "सटवाजी." उस्ताद म्हणाले, "पाच फेऱ्या." हाच त्यांचा पहिला धडा, आणि पुढे कळोन आले की दुसराही हाच.

मग फेऱ्यांचा अंमल सुरू जाहाला. उशिरा आला, फेऱ्या. लवकर आला आणि गप्पा मारीत बसला, फेऱ्या. सामन्यात बाद जाहाला, फेऱ्या. शेजारी बाद जाहाला आणि हा नुसता पाहत राहिला, त्यासही फेऱ्या. खांबापाशी तर सारेच बाद होत, कारण परराज्यांचे गडी आताशा खांबास एका हाताने लटकोन अंग ऐसे लांब झोकून देत की वळणारा गडी हवेतच टिपला जाई, आणि जितके वेळां टिपला जाई तितके वेळां उस्ताद त्यास मैदानाभोवती पळवीत. त्यांत चाल अशी घातली की, पळणाराने दर फेरीस उस्तादांचे समोर आले म्हणजे आपला गुन्हा मोठ्याने पुकारावा. मग एक जण "मी उशिरा आलो" म्हणोन जाई, आणि दुसरा त्याचे मागोन "मी खांबापाशी बाद झालो" म्हणोन जाई. नगरवासी भुईमूग घेऊन कुंपणाशी बसत आणि घरी जाऊन सांगत की आज अमक्याने तमके केले. पथकाचे वैद्य भले गृहस्थ, त्यांनी अर्ज केला की, "उस्ताद, सामना उद्यावर आला आणि आज यांचे पाय काढून घेतले, तर उद्या हे कशावर पळतील? गुडघे माणसाचे आहेत, जात्याचे खुंटे नव्हेत." त्यावर उस्ताद बोलले, "आमच्या उस्तादांनी आम्हांस ऐसेच पळविले. आम्ही काय मेलो?" सटवाजी फेरी मारीत जवळोन जात होते, ते हळूच म्हणाले, "मेले नाहीत, एवढाच पुरावा." त्यासही फेऱ्या.

प्रथम प्रथम बयाजींस या प्रकाराची मौज वाटली. सर्व गडी शिक्षा म्हणोन धापा टाकीत असता हे हसत पळत, आणि पाच सांगितल्या तर सहावी आपखुशीने घालीत. सटवाजी म्हणाले, "बयाजीराव, हसू नका. गाढवाने ओझ्याखाली गाणे म्हटले की धनी आणखी एक गोणी चढवितो." बयाजी म्हणाले, "अरे, मला तो देतो आहे तेच मला हवे आहे. ही शिक्षा की सण?" हे उस्तादांचे कानी गेले आणि ते मनी दचकले; बारा गावचे पाणी प्यालेला मनुष्य, परंतु शिक्षेस हसणारा गडी त्यांनी पाहिला नव्हता. मग बयाजींस भर दुपारी पळावयास काढिले, पुढे जेवणावरोन उठवून काढिले, आणि गुन्हा काही सापडेना तेव्हां "मी हसलो" हाच गुन्हा पुकारावयास लाविला. बयाजी "मी हसलो, मी हसलो" म्हणत मैदानाभोवती हिंडत, आणि कुंपणावरील लोक ते ऐकोन पोट धरीत. थोडे दिवसांनी बयाजी हसेनासे जाहाले. उस्तादांनी महाराजांस कळविले की, गडी सुधारला.

परंतु आक्रीत पुढेच आहे. त्या नगरात पळणारा मनुष्य दिसला की लोकांनी "काय केलंस रे?" ऐसे विचारावे, ही रीतच पडली. कोणी सुईण आणावयास पळत निघाला, तर वाटेवरील चार घरांस आपण निरपराधी आहों हे समजावून सांगता सांगता इकडे मूल होऊन रडूही लागे. पेंढीच्या बाजारास आग लागली तेव्हां पखाली आल्या, त्या चालत आल्या, भिस्ती म्हणाले, "भरल्या बाजारात पळायचे? घरी बायकोपोरे आहेत आमची." सरकारचे जासूद थैली घेऊन अदबीने पावले टाकीत येऊ लागले, आणि शत्रू सरहद्दीवर आला ही खबर शत्रू परत गेल्यावर हुजूर पोहोंचली. दिवाण अंताजीपंत यांनी हे ऐकिले आणि कपाळास हात लाविला, परंतु याचा खो-खोशी संबंध असेल हे त्यांचे ध्यानी आले नाही. मोठ्या माणसांस मोठी कारणे लागतात.

एके पहाटे बयाजी जुन्या सवयीने नदीच्या वाटेस लागले. धुके होते, वाट ओली होती, पाय आपसूक उचलत होते, आणि पुष्कळ दिवसांनी छाती हलकी जाहाली. तोंच घाटावर फुलवाली गिरजाबाई परडी घेऊन उभी होती, ती मायेने म्हणाली, "बयाजी दादा, आज काय केलंत?" बयाजी म्हणाले, "काही नाही, मावशी." ती म्हणाली, "असू द्या, नका सांगू. पण काही केल्याशिवाय का कुणी पळतं?" आणि तिने दयेने एक झेंडूचे फूल त्यांचे हाती ठेविले. बयाजी चार पावले पुढे गेले, आणि त्यांचे तोंडून, कोणी न विचारिता, आपोआप शब्द निघाला, "मी हसलो." तो शब्द आपलाच आहे हे ऐकोन बयाजी वाटेत थिजले. पाय हलवावा तर पाय म्हणे, गुन्हा सांग. मग ते चालत घरी आले. तलवार गेली तर तलवार घडविता येते, घोडा मेला तर घोडा विकत मिळतो. लहानपणापासोन अंगात असलेली गोष्ट अंगातच मेली तर मनुष्याने कोठे दाद मागावी? बयाजींनी कोणास सांगितले नाही. वरणात मीठ होते की नव्हते, हेही त्यांस त्या दिवशी कळले नाही.

मग उत्तरेकडील राज्याशी अखेरचा सामना आला. शामियाने लागले, सावकार आपापली नावे पाहावयास आले, महाराज खासा लोडास टेकोन बसले. आपल्या पक्षाची पळती पहिली, आणि पहिले तिघांत बयाजी. लोक म्हणाले, आता पाहा. शिट्टी जाहाली, खो पडला, पाठलागदार उठला आणि बयाजींचे रोखे आला. बयाजी उभे. पाठलागदार जवळ आला, बयाजी उभेच, हात मागे बांधोन, जणू कोणाची वाट पाहत आहेत. पाठलागदार इतका गोंधळला की त्याने आधी पंचाकडे पाहिले आणि मग, एखाद्यास झोपेतोन उठवावे तसा, बयाजींचे खांद्यास हात लाविला. बाद. दहा हजार माणूस, एकाच्याही तोंडातला दाणा चावला गेला नाही. राहिल्या दोघांत सटवाजी होते, ते जीव घेऊन पळाले खरे, परंतु उस्तादांचे समोर येताच सवयीने "मी उशिरा आलो" म्हणोन ओरडले, आणि आपण काय बोललो या विचारात खांबापाशी टिपले गेले. पुढील तुकडीत कोणी पळावे, कोणी लाजोन चालावे, ऐसा प्रकार होऊन डाव बुडाला.

महाराजांनी बयाजींस शामियान्यात आणविले. मुद्रा लाल जाहाली होती. विचारिले, "शत्रू अंगावर आला आणि तू पळाला नाहीस. कारण काय?"

बयाजी मुजरा करोन म्हणाले, "महाराज, आज मी काही गुन्हा केलेला नाही."

हे ऐकोन एका सावकाराचे हातोन पानाचा विडा पडला तो कोणी उचलिला नाही. महाराज दिवाणांकडे पाहते जाहाले, दिवाण वैद्यांकडे, वैद्य जमिनीकडे. मग उस्तादांनी पुढे होऊन शिट्टी तोंडाशी धरिली आणि म्हणाले, "सरकार, हा उद्धटपणा आहे. सर्व पथकास आत्ताच्या आत्ता—" महाराज म्हणाले, "शिट्टी खाली." मग तेथेच विचार बसला. अंताजीपंत बोलले की, शिस्त नसेल तर गडी माजतील, आणि शिस्त असेल तर ऐसे होते, सबब मधला मार्ग म्हणोन फेऱ्या निम्म्या कराव्या. वैद्य बोलले, "पंत, स्वयंपाक्याने चूक केली म्हणोन त्यास रोज रांधण्याचीच शिक्षा दिली, तर त्याचे हातचे जेवण आपण जेवाल काय?" पंतांस बाजारातील आग आठवली, आणि चालत येणारे भिस्ती आठवले, आणि त्यांचा चेहरा पडला. आपण जिंकावे म्हणोन पळणारे गडी विकत घेतले, आणि त्यांस पळण्याची लाज वाटावी म्हणोन वरोन उस्तादही विकत आणिला, हे महाराजांस त्या घडीस दिसले आणि ते लोडावरोन उठोन सरळ बसले. हुकूम जाहाला की, आजपासोन पळणे ही शिक्षा नाही.

उस्ताद हैबतराव ऐसे उभे राहिले की जणू पायाखालील सतरंजी कोणी ओढून घेतली. ते रागाने नव्हे, खऱ्याच गोंधळाने म्हणाले, "मग गडी चुकला, तर मी करू काय?"

बयाजी म्हणाले, "उस्ताद, आम्ही खांबापाशी बाद होतो. झेप घेणारा हात कसा चुकवावा, ते आम्हांस शिकवा."

उस्तादांनी मैदानाकडे पाहिले, खांबाकडे पाहिले. मग गळ्यातील शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळीत ते हळू बोलले, "ते मला येत नाही, बयाजी. मीही तिथेच बाद होत असे. बाद झालो की उस्ताद मला पळवीत."

बयाजी पुढे जाऊन उस्तादांचे हातास धरोन म्हणाले, "चला तर मग, बघू." आणि दोघे खांबापाशी गेले. उस्ताद एका हाताने खांबास लटकले आणि अंग झोकून दिले, ते तोंडावर आपटले. बयाजी वळले, तेही टिपले गेले. परत एकवार केले. चौथे की पाचवे खेपेस उस्तादांचा हात अंगाशी येताच बयाजींनी खांदा पाडोन आत उडी घेतली, हात वरोन गेला, आणि त्याच झपाट्यात ते मैदानाचे पार दुसऱ्या टोकास निघोन गेले. तेथे थांबोन त्यांनी वाट पाहिली, तोंडातोन काही निघते काय. दमाखेरीज काही निघाले नाही.

येणेप्रमाणे वर्तमान जाहाले. ते साल पथक हरले, पुढील सालही हरले, परंतु खांबापाशी हरले नाही. मैदानाभोवती फेऱ्यांनी पडलेली वाट दुसऱ्या पावसाळ्यात गवताने बुजोन गेली, आणि दोन्ही खांबांचे बुडाशी जमीन ऐसी उघडी पडली की तेथे आजतागायत काडी उगवत नाही. इति.