वाघमारेची शांतता

आमच्या वाकडच्या ऑफिसात फोन तपासायचा म्हणजे "हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?" असं ओरडायची रीत आहे. वाघमारे मात्र फोन लावतो आणि म्हणतो, "आता काही बोलू नका." मग डोळे मिटून तुमचं न बोलणं ऐकतो. "फ्रीजजवळ उभ्या आहात, ताई. जरा बाजूला व्हा," असंही सांगतो. एकदा नाइट शिफ्ट करून झोपलेल्या माझ्या नवऱ्याचं घोरणं त्याने बंद दाराआडून टिपलं होतं. तेव्हापासून त्याचा फोन मी गॅलरीत जाऊन घेते.

आम्ही इंटरनेटवरून बोलायचं ॲप करतो. त्यातलं बोलणं कुलूपबंद होऊन जातं, मधल्या कुणाला कळत नाही. चाकणच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरांच्या हातात छोटी यंत्रं असतात, त्यांवर हे ॲप बसवायचं काम वाघमारेकडे आलं. यंत्रं जुनी आणि बेताच्या ताकदीची. आवाजाला कुलपं लावता लावताच त्यांना धाप लागायची आणि शिफ्ट संपायच्या आत बॅटरी मान टाकायची.

आमचे मॅनेजर देशमाने सर यांनी उपाय काढला. माणूस गप्प असेल तेव्हा काही पाठवायचंच नाही. तसं बऱ्याच ठिकाणी करतात.

"सर, शांतता कापली तर चोराला शब्द कळणार नाहीत, पण कोण कधी गप्प बसलं ते बरोबर कळेल," वाघमारे म्हणाला.

"अरे, चाकणला गिअर बनवतात. कोण ऐकायला बसलंय तिथं?"

"बोललेलं कुणीही पोचवतं, सर. न बोललेलं पण पोचलं पाहिजे."

हे त्याचं पालुपद. वाढदिवसाच्या केकसमोर चार शब्द बोल म्हटलं तरी हेच ऐकवायचा आणि खाली बसायचा.

तपासणीच्या नावाखाली तो रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, यंत्र कानाला लावायचा आणि एक अक्षर न बोलता जेवायचा. पलीकडे कुणीतरी रुसलेली असणार, असं आमचं ठरलं होतं. त्याचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे ही रुसलेली कोण यावर आमचा चहा मजेत व्हायचा.

शेवटी देशमाने सर म्हणाले, "शांतता काप, नाहीतर काम दुसऱ्याला देतो." वाघमारेने मुकाट्याने कापली आणि आम्ही चाचणीला चाकणला गेलो.

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे धातू ठोकणाऱ्या अवजड मशिनींच्या विभागात, पाऊल टाकलं आणि कानठळ्या बसल्या. बॅटरी पूर्वीसारखीच घसरत होती. प्रेसचा धडाका म्हणजेच माणसाचं बोलणं, असं धरून यंत्र सगळंच पाठवत होतं.

सुपरवायझर कदमभाऊ हसायलाच लागले. "शांतता न्हाई हितं, साहेब. मशीन गप बसली तर आमाला बी घरी बसावं लागंल!"

कापाकापी रद्द झाली. आता यंत्रांना मोठी बॅटरी बसवायची ठरली. वाघमारेचं अभिनंदन करायला मी कँटीनमागे गेले. तो बाकावर बसून यंत्रावरून आकुर्डीला घरी फोन लावून बसला होता. स्पीकर चालू होता, पण पलीकडून काहीच येत नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"बाबा. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बोलत नाहीत. आई दुसरं यंत्र त्यांच्या उशाशी ठेवते. मी त्यांचा श्वास ऐकतो, ते माझा. साध्या फोनवर शांतता कापतात, म्हणून आपलंच ॲप वापरतो." त्याने हातातलं यंत्र पुढे केलं. "पण आज यातली पण कापलेली आहे, ऑफिसात गेल्यावरच परत घालता येईल. मी इथं आहे हे त्यांना कळतच नसेल."

आणि मग वाघमारे बोलायला लागला. "बाबा, मी चाकणला आलोय. इथल्या आमटीत मीठ कमी आहे. कदम म्हणून एक सुपरवायझर आहेत, तुमच्यासारखेच मोठ्याने हसतात." बोलायची सवय नाही, सारखा अडखळत होता, पण थांबत नव्हता. थांबला की फोन मुका व्हायचा. मागे फिरावं की थांबावं कळेना, म्हणून बाकाच्या टोकाला बसले.

पलीकडून आवाज आला. टक. कुणीतरी नखाने यंत्रावर वाजवल्याचा. जरा वेळाने पुन्हा, टक.

"आहेत," वाघमारे मला हळूच म्हणाला. मग त्याने यंत्र तोंडाजवळ धरलं. "तर बाबा, त्या आमटीचं सांगत होतो..."