पहिली वेलांटी

"माहिती जुळत नाही," असं फोनने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मुद्रितशोधकांनी चष्मा काढून पुसला. छापखान्यात अडतीस वर्षं लोकांच्या चुका काढण्यात घालवलेल्या माणसाकडून बायकोचं आडनाव चुकेल, हे शक्यच नव्हतं.

बायकोचा डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेची तारीख हवी तर ती फोनवरूनच घ्यायची, आणि यादी आज पाचला बंद होणार. प्रयत्न एकच उरला होता. मुद्रितशोधक तडक इस्पितळात गेले.

खिडकीतल्या बाईंनी बायकोचं इस्पितळाचं कार्ड पाहिलं. "आजोबा, आमच्याकडे आडनावाला पहिली वेलांटी आहे. तुम्ही दुसरी देताय."

"दुसरीच बरोबर आहे!"

"असेल हो. पण कार्डावर आहे तसंच लिहा, लगेच तारीख मिळेल."

"समोर चूक दिसत असताना?"

"मग दुरुस्तीचा अर्ज द्या. सहा महिने तरी लागतील बघा."

हाडाच्या मुद्रितशोधकाला राहवतंय थोडंच? त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज लिहिला, व्याकरणाच्या नियमासकट, आणि खिडकीत देऊन घरी आले.

बायको पेल्याच्या शेजारी पाणी ओतत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "माझा डोळा मोठा की तुमची वेलांटी?"

"अगं, वेलांटी तुझीच आहे."

"मग दिली मी सोडून! लिहा चुकीचं. मला अजून तुमचं तोंड बघायचंय, कसं का असेना."

मुद्रितशोधकांना गलबलून आलं. पाचला दहा मिनिटं असताना, मन घट्ट करून, त्यांनी आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून चुकीची वेलांटी दिली.

"माहिती जुळत नाही. आपले प्रयत्न संपले आहेत. पुढील यादी सहा महिन्यांनी."

पाठोपाठ दुसरा संदेश आला. "आपल्या अर्जाची तातडीने दखल घेऊन आडनावात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद."

सरकारी काम कधी नव्हे ते दोन तासांत झालं होतं, आणि नेमकं हेच झालं होतं.

"काय आलं हो?"

"तुझं नाव शुद्ध झालं."

"आणि डोळा?"

"सहा महिन्यांनी."

तिने पेला चाचपून बाजूला सारला. मग म्हणाली, "बरं, ते शुद्ध झालेलं नाव तरी वाचून दाखवा."

त्यांनी घसा खाकरून, एकेक अक्षर सुटं करत वाचलं.

"पहिल्यासारखंच तर आहे," ती म्हणाली.