देवेशरावांच्या दारातली सँडल

चपलेवरून मी माणूस ओळखतो! हसू नका. निदान त्या रविवारी दुपारपर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

झालं असं, की माझ्या पुतणीनं, गार्गीनं, मला एक मांगा वाचायला दिला. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचतात, हे मला कोणी सांगितलंच नाही! पहिला भाग मी आपल्या रीतीनं वाचला. खुनी पहिल्याच पानावर बेड्यांत, अन् पुढं मेलेला माणूस उठून जेवायला बसलेला! डोक्याचा पार भुगा! गार्गीनं पुस्तक फिरवून दिलं, तेव्हा कुठं खरी मजा कळली. त्यातली गुप्तहेर म्हणजे सत्तरीची म्हातारी. सार्वजनिक न्हाणीघराबाहेर लोकांचे जोडे सांभाळते अन् नुसत्या जोड्यांवरून खुनी पकडते! चार दिवसांत मी तीन भाग संपवले. ऑफिसात बुटांकडे इतका टक लावून पाहायचो, की साहेब पाय टेबलाखाली ओढून घ्यायचे.

तेवढ्यात गार्गीला जळगाव जामोदचं स्थळ आलं. मुलगा देवेश बँकेत, घरात मायलेक दोघंच. घर पाहायला बुलढाण्याहून भाड्याच्या जीपनं निघालो. मी, गार्गीचे वडील नीळकंठदादा, माझी बायको स्नेहलता आणि आमची नात छकुली. पोचल्याबरोबर स्नेहलता थेट स्वयंपाकघरात, छकुली मागच्या अंगणात शेळीपाशी. आम्ही दोघं बैठकीत देवेशसमोर.

पोहे येईपर्यंत मी फोनच्या निमित्तानं दारात आलो आणि जोड्यांवर नजर टाकली.

मी तिथंच उकिडवा बसलो!

सोनेरी पट्ट्याची बाईची सँडल! शेजारी टीचभर गुलाबी बूट! घरात तर मायलेक दोघंच! सँडल उचलून नीट पाहिली. टाच पार झिजलेली. म्हणजे बाई पाय आपटत चालणारी, तापट, नवऱ्याला धाकात ठेवणारी! क्षणभर मला देवेशची कीवच आली.

दोन्ही पुरावे घेऊन मी आत गेलो आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवले.

"अवो माय! चपला पोह्यापाशी!" देवेशच्या आई कौशल्याबाई ओरडल्या.

"देवेशराव," मी म्हटलं, "लेकरू केवढं आहे?"

"कोणाचं लेकरू?"

"तुमचं!"

दादांचा चमचा तोंडापाशीच थांबला. देवेश सँडलकडे पाहे, माझ्याकडे पाहे. कौशल्याबाईंनी त्याचा दंड धरला. "काऊन रे? मले नात झाली अन् मलेच माईत नाही?"

"आई, मले पण माईत नाही!"

"थो कबूल करून राह्यला!" दादा उठून उभे राहिले. "चाल बे, जीप काढायले सांग!"

गलका ऐकून स्नेहलता बाहेर आली. आधी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अवो, माह्या चपला तिथं काऊन ठेवल्या? अन् छकुलीचा बूट?"

मागच्या अंगणातून शेळी तेवढी ओरडली.

आता खरं सांगतो, माझं अनुमान तसं चुकलं नव्हतं. फक्त नवरा चुकला!

सगळ्यात आधी देवेश हसला. मग कौशल्याबाई इतक्या हसल्या, की पदर तोंडाला लावावा लागला. दादांनी हात जोडून माफी मागितली, नवे पोहे आले, लग्नही ठरलं. एक स्नेहलताच तेवढी हसली नाही. "बत्तीस वर्सं झाले लग्नाले," एवढंच म्हणाली.

परतताना मी पुढं ड्रायव्हरशेजारी, ती मागं दादांजवळ. गावाबाहेर निघाल्यावर मागून आवाज आला, "मागं पाहू नका. सांगा, आज मी कोणत्या रंगाची साडी नेसली?"

मी मदतीसाठी दादांकडे वळू लागलो.

"मागं पाहू नका म्हटलं ना!"

नांदुरा गेलं. मोताळा गेलं. राजूर घाट लागला, तरी मी आपला विचारच करून राह्यलो होतो!