सासऱ्यांची बारा कलमं

माणसानं जेवताना बोलू नये असं म्हणतात. (कुणी म्हणत नसेल तर मी म्हणतो.) त्या दिवशी मी तोंडात घास असताना "त्यात काय एवढं?" असं म्हणालो आणि पुढे कित्येक आठवडे आमच्या घरात कुणाला धड आंघोळ करता आली नाही.

झालं असं की, सासऱ्यांच्या घरामागे ऑलिव्हचं एक झाड होतं. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेलं. त्या गेल्या, झाड राहिलं. आता त्या बाजूनं पाण्याची मोठी पाइपलाइन जायची होती आणि झाड नेमकं तिच्या वाटेत. पाइप वळवता येत नाही, झाड हलवता येत नाही, हे सांगता सांगता बायको ताट पुढे सारून रडायला लागली. ती रडली की मला काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि माझा घात नेहमी तिथेच होतो.

"त्यात काय एवढं? फांद्या तोडू, कुंडीत खोचू. आईंचंच झाड पुन्हा उभं करू."

"ऑलिव्हला अशी मुळं फुटत नाहीत. बाबांनी दोनदा करून बघितलंय."

"बाबांनी केलं. मी अजून कुठं केलंय?"

हे वाक्य मी का उच्चारलं, ते मला आजही कळलेलं नाही.

रोपवाटिकावाल्यानं मला सगळं नीट समजावलं. फांदीच्या शेंड्यात हार्मोन तयार होतो, तो खाली उतरून कापलेल्या टोकाशी साठतो आणि तिथे मुळं फुटतात. ऑलिव्हमध्ये हे काम सरकारी गतीनं चालतं. म्हणून टोकाला बाहेरून हार्मोनची पावडर लावायची, फांदी वाळूत खोचायची, खालून ऊब द्यायची, वरून ओलावा द्यायचा आणि चक्क विसरून जायचं. "पावडर चिमूटभरच. जास्त झाली तर टोक जळतं," असं त्यानं बजावलं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

घरी येताना मी विचार केला, चिमटीनं एवढं होतं तर चमच्यानं किती होईल!

"हार्मोन कुणाला कमी पडलेत?" डबी बघून बायकोनं विचारलं.

"फांदीला."

"असं होय. मला वाटलं, अकलेवर काही निघालंय."

पहिली बारा कलमं आठवड्यात काळीठिक्कर पडली. मी सासऱ्यांकडून निमूटपणे दुसऱ्या फांद्या आणल्या आणि या खेपेला चिमटीवर आलो. ट्रे बाथरूममध्ये वॉशिंग मशिनवर ठेवला, कारण ऊब आणि ओलावा दोन्ही एका जागी आमच्याकडे तिथेच नांदतात. मशिन सुरू केलं की कलमं थरथरत, म्हणून मशिन बंद. कपडे हातानं धुवायचे. (कुणी, ते विचारू नका.) खिडकी उघडायची नाही. साबणाचं पाणी उडवायचं नाही. आंघोळ म्हणजे आमच्याकडे चोरी केल्यासारखी उरकायची गोष्ट झाली.

राहिलं फक्त विसरणं. ते काही मला जमेना. सकाळी दात घासता घासता मी एक कलम हळूच उपसायचो, मूळ आलंय का ते बघायचो आणि परत खोचायचो. एकच. मग शेजारचंही, कारण तुलनेशिवाय काही कळत नाही.

"अहो, ठेवा ते!"

"बघतोय फक्त."

"तुम्हाला रोज असं पांघरुणातून उपसून बघितलं, तर लागेल का झोप?"

मी एका वकिलांकडे कारकून आहे. आमच्या ऑफिसात कलम म्हणजे कायद्याचं कलम. दुसरं कलम तिथे कुणाला माहीत नाही. हे माझ्या लक्षात असायला हवं होतं. पण दुपारी डबा खाताना (पुन्हा तोंडात घास!) मी बायकोला फोन केला आणि मोठ्यानं म्हणालो, "तुझ्या वडिलांची बाराच्या बारा कलमं लावलीत. चार तरी टिकतील. त्यांना मात्र इतक्यात काही बोलू नकोस."

दारात वकीलसाहेब उभे होते. घरचं भांडण कोर्टात जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा घासच अडकला. मग मला केबिनमध्ये बसवलं, बोट ओठावर ठेवलं आणि माझ्याकडून नंबर घेऊन सासऱ्यांना फोन लावला. स्पीकरवर.

"तुमच्या जावयानं बारा कलमं लावलीत, कल्पना आहे का तुम्हाला?"

"आहे की. मीच दिली त्याला."

"तुम्हीच?"

"मग! आधीची बारा त्यानं जाळून टाकली."

"जाळली? कागदपत्रं?"

"काय? ऐकू येत नाही नीट. प्रेमानं करतो हो पोरगा, पण हात जड आहे त्याचा."

साहेबांनी आपली खुर्ची माझ्यापासून हातभर मागे घेतली.

"बरं, जामिनाचं काय?"

"जमीन कुठली आता? तिच्यातनं पाइप जाणार. कुंडीतच राहतील."

"कोंडीत?"

"हो. माझं एवढंच म्हणणं आहे साहेब, बारातलं एक जरी लागलं ना, तरी मी सुटलो."

साहेबांनी चष्मा काढला. कलम लागल्यावर सुटणारा माणूस त्यांनी उभ्या वकिलीत पाहिला नव्हता.

"आणि नाही लागलं तर?"

"नाही लागलं," सासरे म्हणाले, "तर ती दुसऱ्यांदा गेली म्हणायचं."

साहेबांनी फोन ठेवला. मग मी खरा प्रकार सांगितला. साहेब डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, पण मला हसू येईना. मला खरंच फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी घरी गेलो तो थेट बाथरूममध्ये. आजपासून हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण ते अमलात आणण्याआधी शेवटचं म्हणून एकदा सगळी उपसून बघितली. उपसून उपसून टोकांची साल निघाली होती, बुडं कुजली होती. बाराही गेली होती. मी पालथ्या बादलीवर बसलो आणि बायकोला हाक मारली.

"सगळी मेली गं. मी मारली."

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. फ्रिजच्या माथ्यावर, खिडकीकडच्या बाजूला, पिठाच्या डब्यामागे एक कुंडी होती आणि तिच्यावर पारदर्शक पिशवी. आत तीन फांद्या. त्यातल्या दोन फांद्यांना कोवळी पानं आली होती आणि कुंडीच्या बुडातल्या भोकातून पांढरं, दोऱ्याएवढं मूळ डोकावत होतं. सासऱ्यांनी बारा नव्हे, पंधरा फांद्या दिल्या होत्या; मी न मोजताच आणल्या आणि तीन हिनं आधीच काढून घेतल्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बघायला आला असता."

झाड तुटलं त्या दिवशी सासरे घराबाहेर आले नाहीत. पण पुढे दोन्ही रोपं त्यांनी घराच्या दर्शनी बाजूला लावली आणि भोवती खांब ठोकून कमरेइतकं तारेचं कुंपण घातलं, वर कुलूप. पाइपलाइनचा मुकादम जाता जाता थबकला.

"काका, एवढी तार कशाला? इथं गुरं येतात का?"

"गुरं कुठली," सासरे म्हणाले. "जावई येतो."