समुद्रात लावलेली संत्री

संत्र्याचा बगीचा विकायला बगीचा दाखवावा लागतो, असं म्हणणारा माणूस अडाणी! मी रामाकोन्यात, ओसरीवर बसल्या बसल्या, नुसत्या फोटोवर बगीचा विकणार होतो. कारणही तसंच होतं. यंदा माझी संत्री पिकायच्या आधीच झाडावरून गळत होती, लग्नातले पाहुणे जेवण झाल्यावर गळतात तशी! आणि पांढुर्ण्याचे व्यापारी रघुनाथराव उभा बगीचा, म्हणजे झाडावरचा सगळा माल, घेताना एकेक झाड असं न्याहाळतात, जणू जावईच पाहायचा आहे.

माझी पुतणी प्रियंका गोव्यात समुद्राचा अभ्यास करते. सुट्टीत आली तेव्हा तिच्या बॅगेत उपग्रहाने काढलेला एक फोटो होता. काळे-पांढरे पट्टे, एकामागे एक, ओळीत. हुबेहूब बगीचा!

रघुनाथराव आले. मी फोटो पुढे केला.

“सॅटेलाईटवरून काढला! आता झाडाखाली वाकता कायले?”

“काळा-पांढरा काहून?”

“सरकारी हाय न!”

त्यांनी चष्मा चढवला. “रांगा लय साजऱ्या दिसून राहिल्या, मधुकरराव. दोन रांगांत अंतर किती?”

“अठरा फूट!”

नेमकी प्रियंका चहा घेऊन आली. “दोन किलोमीटर, काकाजी.”

रघुनाथरावांचा चहा मिशीतच थांबला! “अन् रांग किती लांब?”

“शंभर किलोमीटर.”

“म्हणजे इथून नागपूरच्या पार!”

“बगीचा जरा मोठाच हाय,” मी म्हणालो.

“समुद्र आहे तो!” पोरगी ओरडली. “ह्या लाटा पाण्याच्या पोटात असतात. नावेतल्या माणसाले पत्ताही लागत नाही. वर फक्त हे पट्टे दिसतात.”

“म्हणजे आत धिंगाणा अन् वरून सभ्य!” रघुनाथराव माझ्याकडे पाहून म्हणाले. “अशी माणसं लय पाहिली, समुद्र आज पाहिला. चला बगीच्यात!”

गेलो. झाडावर चार संत्री, तर जमिनीवर चाळीस! परत येऊन रघुनाथरावांनी चपलेला चिकटलेला रस ओसरीच्या पायरीला पुसला.

“बगीचा नाही घेत. फोटो देता काय?”

“कायले?”

“मोहगावचा बगीचा घेऊन बसलो न मी! तोही असाच गळून राहिला. अन् उद्या नागपूरचा व्यापारी येऊन राहिला.”

प्रियंकाने कपाळावर हात मारला. मी फोटो दिला, वर सल्लाही: “चहा द्याले शिकलेली पोरगी नका पाठवू!”

बगीचा अजून माझ्याकडेच पडून आहे. समुद्र मात्र पहिल्याच गिऱ्हाइकाने नेला.