तात्यांच्या डोक्यातली लाट

मेंदू हे जगातलं एकमेव कार्यालय आहे, जिथे काम करणाऱ्यालाच पुरवठा मिळतो. तळहाताला गुदगुल्या झाल्या की तळहाताचं खातं सांभाळणाऱ्या कोपऱ्यात लगेच रक्त वाढतं; अर्ज नाही, शिफारस नाही. (मेंदूला कवटीत कोंडून ठेवलंय ते यासाठीच. मोकळा असता तर ही खोड इतरांनाही लागली असती.)

या तत्त्वाने भारावून एका कार्यालयाने रजेचे नियम सुधारले. आजाऱ्याने रक्त मोजणारी टोपी घालायची, तंत्रज्ञ बाईंनी त्याच्या तळहातावर दात घासायचा ब्रश फिरवायचा. रक्त वाढलं तर माणूस कामाचा, रजा नामंजूर.

आवक विभागाचे कारकून तात्या एका दुपारी डोळे चोळत आले. टपालावर झगमगत्या नागमोडी रेघा नाचत होत्या. अर्धशिशी येऊ घातली होती. ती येण्याआधी अंधाऱ्या खोलीत आडवं होणं भाग होतं.

"बाई, अर्धी रजा तेवढी द्या हो. डोकं फुटायला आलंय."

"टोपी म्हणेल तसं, तात्या. माझ्या हातात काय आहे?"

"ब्रश!" तात्या कण्हले.

अशा वेळी मेंदूतून एक लाट मुंगीच्या चालीने सरकते. ती पोचेल तिथल्या पेशी आधी एकदम पेटतात, मग गप्प बसतात (नव्या भरतीसारख्या). रक्तही आधी उसळतं, मग बराच वेळ ओसरतं. हे रजा समितीला ठाऊक नव्हतं. तात्यांनी टोपी घालताच पडद्यावरचा रक्ताचा आकडा असा चढला, की समितीचे अध्यक्ष उठून उभे राहिले.

"इतका कामसू माणूस, आणि आपण त्याला टपाल फोडायला बसवलं!"

रजा टाळ्यांच्या गजरात नामंजूर झाली. तात्यांनी कान झाकले.

मग लाट पुढे गेली आणि आकडा कोसळला. बाईंनी ब्रश फिरवला, ढिम्म. घंटा वाजवली, ढिम्म. अध्यक्षांनी पगारवाढ जाहीर केली, तरी ढिम्म.

"आता तरी सोडा," तात्या पुटपुटले.

समितीने खल केला. स्पर्श, आवाज, आमिष, कशानेही ज्याच्या डोक्यात काही हलत नाही, तो आजारी कसा? असे नमुने आजवर फक्त वरच्या मजल्यावर आढळले होते. तात्यांना तिथल्या तिथे संचालक नेमण्यात आलं. रजेचा अर्ज आपोआप निकाली निघाला. संचालकांना रजेची तरतूदच नाही. कारण संचालक जागेवर नसल्याचं आजवर कधी कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

सध्या तात्या प्रखर दिव्यांखाली, डोळे घट्ट मिटून, स्वतःच्या गौरवाची भाषणं ऐकत आहेत.

हे वाचून आपल्याला त्यांची कणव आली असेल, तर आपल्या डोक्यात रक्त वाढलं. उद्या वेळेवर कामावर या. काहीच वाटलं नसेल, तर अभिनंदन. उपसंचालकाची जागा रिकामी आहे.