मामांनी लावलेला सिनेमा

मामांनी भाचीच्या कौतुकासाठी अख्खं घर गोळा केलं होतं. चिमीचं नाव सिनेमाच्या शेवटी पडद्यावर येतं, हे त्यांनी केस कापणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या कानी घातलं होतं. पण ती नेमकं काय करते, हे त्यांना धड सांगता येत नसे. चिमी स्टुडिओत बसून सिनेमासाठी आवाज काढायची. पडद्यावर कुणी चाललं की पावलांचा, दार लोटलं की बिजागरीचा, साडी सावरली की पदराचा.

"बस मधोमध," मामा म्हणाले. "आज तुझाच सिनेमा बघायचा."

चिमी चपापली. "अहो, तो परवाच थिएटरात लागलाय. तुम्हाला कुठून मिळाला?"

"मित्राने मोबाइलवर पाठवला. फुकट."

चिमी पुढे काही बोलणार, तोवर टीव्ही सुरू झालासुद्धा. चित्र तिरकं होतं, म्हणून सगळ्यांनी माना तिरक्या केल्या. थिएटरात चोरून टिपलेला सिनेमा होता तो. खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी टक्कल चकाकत होतं. मावशीला ते नायिकेचे वडील वाटले आणि ते एवढे गप्प का, याची तिला काळजी लागली. मग फोन वाजला. मामांनी खिसे चाचपले, मामी स्वयंपाकघरात धावल्या. फोन वाजला होता त्या थिएटरात.

नायिका रडत जिना उतरू लागली, तेव्हा कुणीतरी कुरुमकुरुम खात होतं.

"बघा, हे काम," मामा अभिमानाने म्हणाले. "दुःखात माणूस खातोच. कसा हुबेहूब काढलाय आवाज."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमीला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"तो आवाज माझा नाही, मामा. माझा त्याखाली दबलाय. त्या जिन्यासाठी मी आठवडाभर चपला बदलत होते." तिने डोळे पुसले. "परवापासून हा सिनेमा मोबाइलवर फिरतोय. थिएटरं ओस पडलीत. निर्मात्यांनी पुढचा सिनेमा थांबवलाय. त्यात माझंही काम होतं."

मामांनी टीव्ही बंद केला. रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चपला घाला सगळ्यांनी."

थिएटरचा मॅनेजर दाराला कुलूप लावायच्या बेतात होता. "प्रेक्षकच नाहीत, खेळ रद्द," तो म्हणाला.

"आम्ही काय भाजी घ्यायला आलोय?" मामांनी मागची वरात दाखवली. मॅनेजरने निमूटपणे दिवे लावले.

आत बसल्यावर मामांनी मित्राला कळवलं, 'सिनेमा पाठवू नकोस, थिएटरात ये.' जिन्याचा प्रसंग येईपर्यंत तो सहकुटुंब हजर झाला होता. त्याच्यामागून शेजारची मंडळी आली. मॅनेजर दारातून डोकावला आणि चिमीला हळूच म्हणाला, "उद्याचाही खेळ ठेवतो."

पडद्यावर नायिका जिना उतरू लागली. कुणी काही खात नव्हतं. अंधारात मागून पावलं येत राहिली, एकेका पायरीवर अडखळत. मामांनी चटकन पाय आत ओढून वाट करून दिली.

"काय झालं?" चिमीने विचारलं.

"मागून कुणीतरी येतंय."

"मीच येतेय, मामा," चिमी म्हणाली.